दगडाबाईचं गाठोडं

पिंपळीची दगडाबाई तोंडाची महाफटकळ. बारामतीच्या बाजारात भाजी घेऊन बसली, की गिऱ्हाइकाची बिशाद नव्हती दोडक्याला नख लावून बघायची. "घ्यायचा आसंल तर घे, न्हायतर वाट धर!" पण हीच बाई देवाधर्माच्या बाबतीत भारी हळवी. आळीत कुणाच्या घरी देवाचा फोटो भिजला, मूर्तीचा कान तुटला, की ते दगडाबाईकडं यायचं. कचऱ्यात टाकवत नाही, भिंतीला लावता येत नाही, मग माणसानं करायचं काय? दगडाबाई त्याला हळदकुंकू वाहायची, हात जोडायची आणि कॅनॉलच्या वाहत्या पाण्यात सोडून यायची.

घरात ती आणि नात संस्कृती, दोघीच. पोरीची आई गेली, बापानं दुसरा संसार थाटला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. पोर सातवीत. म्हातारीच्या मागं तिला कुणी नाही.

त्या साली पंधरा ऑगस्टला झेंडे वाटायला काय झुंबड उडाली! फोटो काय, घोषणा काय! आणि दोन दिवस सरले नाहीत तोच तेच झेंडे गटारीच्या कडेला, एसटी स्टँडच्या चिखलात. अहो, वाटायला सतरा हात आणि उचलायला एकाची कंबर वाकेना! दगडाबाईच्या जिवाला ते लागलं. बाजारातून येताना दिसेल तो झेंडा तिनं उचलला, रिकाम्या पाटीत घातला, घरी आणून साबणानं धुतला. काही फाटलेले, काहींचा रंग उडालेला.

"आज्जे, भंगारवाल्याला दे की," संस्कृती म्हणाली.

"जिभंला काय हाड हाय का तुझ्या? जवान गेला तर ह्याच्यात गुंडाळून आणत्यात. भंगारात घालू व्हय?"

शाळेत शिकवलेले तिन्ही रंगांचे अर्थ संस्कृतीनं घडाघडा म्हणून दाखवले. त्याग, शांती, समृद्धी. दगडाबाईनं मान हलवली. "मला येवढंच कळतं, ह्येच्यापुढं सायेब बी उभा ऱ्हातो आन् शिपाई बी. कुणी खाली बसत न्हाय."

जुन्या देवाचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं. जुन्या झेंड्याचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिनं तेच केलं. धुतलेल्या फडक्यात झेंड्यांचं गाठोडं बांधलं, वर झेंडूची दोन फुलं ठेवली आणि दिवस कलायच्या आत कॅनॉल गाठला.

काठावर बसून तिनं पहिला झेंडा पाण्यात सोडला, हात जोडले. तेवढ्यात मागं मोटारसायकल थांबली. गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष विजयसिंह आणि त्याचा जोडीदार दीपक.

"ए आज्जे! काय टाकतीस?"

"टाकत न्हाय बाबा. फाटलेलं झेंडं हायती. पाण्यात सोडतीया."

"झेंडा? तिरंगा कॅनॉलात फेकतीस?" विजयसिंहाचा आवाज चढला. "दीपक, लाव लाइव्ह! सगळ्या तालुक्याला बघू दे."

दीपकनं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. उसाला खत घेऊन निघालेला ट्रॅक्टर थांबला. डेअरीत दूध घालून परतणारे थांबले. बघता बघता कडं झालं. कुणी म्हणालं, पोलिसांना फोन लावा. कुणी म्हणालं, तीन वर्षं आत जातंय माणूस, जामीन बी मिळत न्हाय. खरं-खोटं देव जाणे, पण दगडाबाईनं ते खरंच धरलं. बाजार गाजवणारी बाई भ्याली. तिला दुसरं काही दिसेना, फक्त घरी चुलीपाशी वाट बघणारी पोर दिसायला लागली.

"मी देव सोडते तसं..." ती पुटपुटली.

"गप! कॅमेऱ्याकडं बघ. म्हण, मी तिरंग्याचा अपमान केला. नाक घासून माफी माग, न्हायतर चल चौकीला."

अपमान! धुताना एकेक झेंडा तिनं पोराच्या झबल्यासारखा हळू चोळला होता. रागानं तिचे डोळे भरून आले. पण चौकीत गेली तर पोरीचं काय? तिनं ओठ ओले केले. म्हणायचं आणि सुटायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. "मी... म्या तिरंग्याचा..."

"मोठ्यानं! आन् हे गाठोडं दाखव सगळ्यांना!" विजयसिंहानं गाठोड्याला हिसका मारला. गाठ सुटली. झेंडे चिखलात विखुरले. काय पडलं ते बघायला मागची माणसं पुढं रेटली, पुढची घसरली.

आणि दगडाबाई भ्यायचंच विसरली.

"पाय! आरं पाय उचला, मुडद्यांनो! कशावर उभं ऱ्हायलाय बघा की!"

ती हातापायांवर खाली आली. दिसेल त्या पायावर चापट्या मारत झेंडे ओढून काढायला लागली. माणसांनी खाली बघितलं आणि चटका बसल्यागत मागं सरली. ट्रॅक्टरवाला मघाशी पोलिसांना बोलवा म्हणत होता, तो चपला काढून बाजूला झाला. विजयसिंह मात्र जागचा हलला नव्हता. त्याच्या बुटाखालून केशरी काठ दिसत होता.

"दीपक," तो दबक्या आवाजात म्हणाला, "बंद कर ते."

दीपकचा हात तसाच. "दादा, मघाधरनं समदी बघत्यात."

विजयसिंहाचं तोंड उतरलं. इकडं तिकडं बघत तो म्हणाला, "आज्जे, जा तू घरी. काय न्हाय झालं. जा."

म्हातारी चिखलात तशीच बसलेली. तिनं त्याच्या बुटाखालचा झेंडा हळूच ओढून काढला, पदरानं पुसला, उराशी धरला.

"जाते बाबा," ती म्हणाली. "पर आदी दुसरा पाय उचल."