सासऱ्यांनी कुस्करलेली भाकर

नांदेडला अक्कलदाढ काढून घरी आले, तेव्हा माझा गाल टम्म फुगला होता. पहिल्या दिवशी आइस्क्रीमवर भागवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा वीट आला, आणि भूक तर सपाटून लागलेली.

माझे सासरे एरवी माझ्याशी मोजकंच बोलायचे. त्यांचे सगळे दात पडलेत आणि कवळी टोचते, म्हणून ते मऊच जेवतात. त्या दुपारी ते स्वतः स्वयंपाकघरात आले. ज्वारीची भाकर त्यांनी दुधात कुस्करली, त्यात अर्धापूरचं पिकलेलं केळं मोडलं आणि वाटी माझ्यापुढं ठेवली.

"खाऊन बघ, पोरी. चावायचं कामच न्हाई."

पोटभर खाल्लं, तसं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"लई दुखायलंय का?" त्यांनी घाबरून विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं.

टाके निघेपर्यंत आम्ही दोघं रोज सोबत जेवलो. मला बोलता येत नव्हतं, म्हणून तेच बोलायचे. त्यांची देवणी जातीची बैलजोडी, शेत, माझ्या नवऱ्याचं लहानपण. लग्नानंतर इतकी वर्षं एका घरात राहून मी हे काहीच ऐकलं नव्हतं. सूज उतरल्यावरही मी त्यांच्याच शेजारी जेवायला बसते.