मोरीमागची वीट

सगळ्यात आधी तुडवला गेला तो आईचा अळू. मोरीचं पाणी बाहेर पडायचं तिथे तिने तो लावला होता, आणि ती गेल्यानंतरही तो दरवर्षी कोणी न सांगता फुटायचा. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ. चाळीच्या मागे, भिंत आणि डोंगर यांच्यामध्ये, दोन माणसं जेमतेम जातील एवढा बोळ. तिथे आमच्याशिवाय कोणाचं काही काम नसायचं. एका रविवारी बाबा पानं काढायला गेले, तर सगळा अळू चिखलात आडवा, आणि त्यावर बुटांचे ठसे. चांगल्या, महागातल्या बुटांचे. असले बूट आमच्या चाळीत कोणाकडे नव्हते.

तेव्हा चाळ पुनर्विकासाला निघाली होती. सगळ्यांनी संमती दिली होती, राहिलो होतो फक्त आम्ही. आम्ही म्हणजे बाबा, लग्न मोडून माहेरी आलेली मी, आणि कॉलेजात जाणारी माझी लेक. बाबांचं म्हणणं साधं होतं. खोली सोडायला ना नाही, पण परत कधी आणणार ते कागदावर लिहून द्या. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांना बरीच आश्वासनं मिळाली, सगळी तोंडी, आणि त्यांची वाट बघता बघताच ते गेले. त्यामुळे कोणी नुसतं बोलून दिलासा द्यायला लागलं की बाबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

बिल्डरचा माणूस यायचा तो पेढे घेऊन. आत आला की बाबांच्या पाया पडायचा, चहा मागून घ्यायचा. मला तो मुळीच आवडायचा नाही, पण बाबांच्या हट्टापुढे तो हळूहळू नरमत होता हेही खरं. शेवटी एकदा म्हणाला, "गणपती होऊ द्या काका, तारखेचा कागद घेऊनच येतो." शेजारपाजारचे आम्हाला टोमणे मारत होते, तुमच्यामुळे सगळ्यांचं अडलंय म्हणून. बाबा म्हणाले, मारूदेत, कागद आला की तेच पेढे वाटतील. गणपती होईपर्यंत कळ काढायची, एवढंच बाकी होतं.

आणि नेमकं तेव्हाच हे मागचं सुरू झालं. मोरीच्या खिडकीखाली एक वीट सैल होती. ती अर्धी बाहेर आलेली दिसली. बाबांनी ठोकून आत बसवली. पुढच्या रविवारी पुन्हा बाहेर. मग माणसं दिसायला लागली. कोणी मोबाइल हातात धरून भिंतीसमोर उभा, कोणी भिंतीचा फोटो काढतोय, कोणी हाताने चाचपतोय. आमच्यापैकी कोणी दिसलं की लगेच बुटाची नाडी बांधायला वाकायचे, नाहीतर फोन कानाला लावून चालू पडायचे. एकदा मी सरळ विचारलं, "काय पाहिजे?" तर तो माणूस "काही नाही, काही नाही" करत असा सटकला की माझं डोकंच सणकलं. चोरीमारी करणाराच असा पळतो ना?

"ते भिंत पोखरतत," बाबा म्हणाले. "उद्या नोटीस चिकटवतले, भिंत धोकादायक आसा म्हणान."

मला ते पटलं. आमच्याकडे कोणालाही पटलं असतं. जो सही करत नाही त्याची भिंत आधी खिळखिळी होते आणि मग खोली खाली करा म्हणून नोटीस येते, हे उपनगरात राहणाऱ्या माणसाला शिकवावं लागत नाही. बाबांनी सिमेंट कालवून वीट पक्की केली. दोन दिवसांनी सिमेंट खरवडलेलं, वीट पुन्हा सैल. विटेच्या मागे हात घालून बघावं हे आम्हाला सुचलं नाही असं नाही, पण डोंगरालगत राहणारा माणूस भोकात हात घालत नाही. पोलिसांत जाऊन तरी काय सांगणार, कोणी आमचा अळू तुडवला?

मी बिल्डरच्या माणसाला गाठलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, आम्ही कशाला माणसं पाठवू?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण घरात मुलगी आहे. जपून राहा."

तो असं का म्हणाला कोण जाणे. कदाचित आयती संधी दिसली म्हणून. बाबा आतून ऐकत होते. त्या दिवसापासून लेक कॉलेजातून येईपर्यंत ते दारात खुर्ची टाकून बसायला लागले.

गणपतीच्या आधीच्या रविवारी लेक मोरीत अंघोळीला गेली होती. खिडकीला आमच्या पडदा होता, गज होते, पण खाली, अगदी हाताच्या अंतरावर, बाहेरून वीट सरकल्याचा आवाज आला आणि खिडकीच्या कठड्यावर कोणाची तरी बोटं आली. तोल सावरायला धरलेली असतील. ती जी किंचाळली ती मला अजून ऐकू येते. बाबा काठी घेऊन मागे धावले. एक बाई आणि एक पुरुष "सॉरी, सॉरी" करत अळवातून धूम पळाले. बाबा त्यांच्या मागे धावले आणि बोळाच्या तोंडाशी पडले. मी उचलायला गेले तर त्यांचे गुडघे फुटले होते, आणि ते रडत होते. बाबांना मी आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

"माका काय होवचा नाय," ते म्हणाले. "पण ह्या चेडवाचा, नातीचा काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बिल्डरच्या माणसाला स्वतःहून बोलावलं आणि संमतीवर सही केली. तारखेचा विषय कोणी काढला नाही. मी काढायला गेले तर बाबांनी हातानेच गप्प केलं. तो माणूस पुन्हा त्यांच्या पाया पडला.

सामान बांधायच्या दिवशी पुढच्या दारावर टकटक झाली. पाठीला सॅक, डोक्याला टोपी, पस्तिशीचा माणूस. ठाण्याहून आलो म्हणाला. बाबांनी त्याला पाणी दिलं, कारण दारात आलेल्याला ते पाणी देतात.

"काका, तुमच्या मागच्या भिंतीत माझा एक डबा आहे. तो न्यायला आलोय."

आम्ही दोघं बघतच राहिलो. मग त्याने समजावून सांगितलं. एक खेळ आहे, जिओकॅशिंग नावाचा. एकाने कुठेतरी डबा लपवायचा, जागा मोबाइलवर द्यायची, बाकीच्यांनी शोधून काढायचा. आत चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवायचा. इतर कोणी बघता कामा नये, ही त्यातली गंमत. हा डोंगरावर फिरायला यायचा, मागची विटांची जुनी भिंत त्याला छान वाटली. मधे कामासाठी बाहेरगावी होता. आता मोबाइलवर तक्रार वाचली की इथे एक म्हातारा काठी घेऊन मागे लागतो, तेव्हा त्याला आपली चूक समजली.

"नियम आहेत आमचे," तो म्हणाला, आणि मला वाटतं तो खरंच ओशाळला होता. "कोणाच्या जागेत ठेवायचं तर आधी विचारायचं. काही तोडायचं नाही, खणायचं नाही. सिमेंट काढणाऱ्याने तर फारच वाईट केलं. पण मागची बाजू होती, मला वाटलं कोणाची नसेल."

"मागची बाजू कोणाची नसते होय रे?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "मोरी आहे ती. आमच्या अंगावर पाणी घेण्याची जागा आहे!"

"सॉरी ताई. मी तिथे स्पष्ट लिहिलं होतं, आत लोक राहतात, त्यांना त्रास देऊ नका."

म्हणून एकानेही दार वाजवलं नव्हतं. आम्हाला त्रास नको म्हणून ती सगळी माणसं चोरपावलांनी येत होती. राग कोणावर काढायचा तेच मला कळेना, आणि समोर हा हात जोडून उभा. मला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि दिली नाही याचं अजूनही वाईट वाटतं.

बाबा मात्र वेगळंच विचारत होते. "म्हणजे कोणी पाठवलं नव्हतं?"

"नाही काका. हौशी लोक असतात सगळे."

"बिल्डरने नाही?"

"कोण बिल्डर?" त्याने विचारलं.

बाबा सामानाच्या गाठोड्यावर बसले. तो मागे गेला, डबा घेऊन आला आणि उघडून दाखवला. विटेच्या रंगाने रंगवलेला प्लास्टिकचा डबा, आत एक शिट्टी, परदेशातलं एक नाणं, चिठ्ठीची सुरळी. बाबांनी हात लावला नाही. "एकदा कडी वाजवायची होती," एवढंच ते त्याला म्हणाले. तो गेल्यावर माझ्याकडे वळले. "कोणाक सांगू नको."

आता आम्ही भाड्याच्या घरात राहतो, सातव्या मजल्यावर. चाळ पाडली त्या जागी निळे पत्रे लागले आहेत आणि आत खड्डा आहे. परत कधी नेणार विचारलं की लवकरच, असं सांगतात. पेढेवाला माणूस फोन उचलत नाही. जुने शेजारी भेटायला येतात आणि हटकून विचारतात, काका, तुम्ही एवढे ताठ होता, शेवटी सही कशी केलीत? विचारण्यात थोडा राग असतो. तारखेचा कागद बाबांनीच आणला असता, हे आता सगळ्यांना समजलंय.

"माणसा पाठवलेली त्यानी," बाबा सांगतात. "भिंत पोखरायचे. नातीच्या मोरीपर्यंत इले." सांगता सांगता ते उठतात आणि त्या परक्या घराच्या भिंतीवर तळवा फिरवून दाखवतात, कसे चाचपायचे ते. ऐकणारे चुकचुकतात, कोणी बिल्डरला शिव्या घालतं. बाबांचा हात भिंतीवरच असतो. मग ते माझ्याकडे बघतात.

"खरा ना गो?"

"हो," मी म्हणते. "यायची माणसं."