आबांनी कूलर बंद केला

जळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आठवड्यातून एक तरी माणूस घाम पुसत येतो आणि सांगतो, स्क्रीन लाल झालीय, भोंगा वाजतोय, खाली नंबर आहे, लावू का? मी त्याला आधी पाणी देते. ‘काका, घाबरू नका. ही नुसती वेबसाइट आहे, तुमचा कॉम्प्युटर ठणठणीत आहे. खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो,’ असं इतक्या गोडीनं समजावते, की घरच्यांनी ऐकलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही.

गेल्या वैशाखात अशाच एका काकांना समजावताना एरंडोलहून माझ्या वडिलांचा, आबांचा, फोन आला. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मोबाइल उपडा ठेवून दिला. आबांचा फोन म्हणजे बहुधा एखादा शब्द अडलेला असायचा, आणि भर दुपारी शब्दांसाठी मला वेळ नव्हता.

हे शब्द माझ्या आईचे. आई खेड्यातली, अहिराणी बोलणारी. आबा मराठीचे मास्तर. ती ‘सयपाक तयार शे’ म्हणाली की हे पाहुण्यांदेखत ‘आहे’ म्हणून दुरुस्ती करायचे. मला त्यांचा तेव्हा भयंकर राग यायचा. आई गेली, आणि वर्षभरानं याच माणसानं तिचे शब्द आठवून आठवून टाइप करायला घेतले. एका बोटानं, चार वर्षं. प्रत्येक शब्दाखाली तिच्या तोंडचं एक वाक्य. ‘आता सुचलं का शहाणपण?’ असं मी चिडवायचे. त्या फाइलची दुसरी प्रत काढून द्यायचं मात्र दर खेपेला विसरायचे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

दोन वाजता मीच फोन लावला. आबा अगदी हळू बोलत होते. ‘लाल स्क्रीन आलीय. कॉम्प्युटर बंद केला तर सगळं पुसलं जाईल असं लिहिलंय. आईची फाइल आहे आत.’

‘आबा, काही होत नाही. बिनधास्त बंद करा.’

‘नाही. तू ये.’

मी शटर ओढलं आणि स्कूटर काढली. रस्ताभर ऊन भाजत होतं, आणि मी हेल्मेटच्या आत एकदा आबांना, एकदा स्वतःला शिव्या घालत होते.

घरात पाऊल टाकलं तर नुसती भट्टी. लाइट गेलेली. इन्व्हर्टर कॉम्प्युटरला पुरावा म्हणून आबांनी कूलर बंद केला होता, पंखा बंद केला होता, फ्रिजचीही पिन काढली होती. डोक्यावर ओला पंचा, स्पीकरवर उशी. कॉम्प्युटरच्या बटणावर वहीचं पान चिकटवलेलं: ‘हात लावू नये.’ घरात त्यांच्याशिवाय कुणीही नव्हतं. मला हसू आलं, आणि मागोमाग डोळे भरून आले.

आधी कूलर लावला. मग टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद केला, भोंगा गप्प झाला. ब्राउझर पुन्हा उघडताना जुनं पान परत येऊ दिलं नाही. फुकटचा फॉन्ट शोधताना आबांनी कुठल्याशा साइटला सूचना पाठवायची परवानगी देऊन टाकली होती, ती काढली. व्हायरसची तपासणीही केली. काही निघालं नाही.

‘त्या नंबरवर फोन केलात का?’ मी भीत भीत विचारलं.

‘केला. तू उचलेनास म्हणून केला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. बाबूजी, बाबूजी करत होता.’

‘काही सांगितलंत त्याला?’

‘मी विचारलं, माझी फाइल राहील ना? तर म्हणाला, फाइल सोडा, बँक कोणती ते सांगा. ठेवून दिला. तू गिऱ्हाइकाला पहिलं काय विचारतेस? आत महत्त्वाचं काय आहे. ज्याला त्याची फिकीर नाही, तो कसला दुरुस्तीवाला?’

‘माणूस खोटा आहे हे कळलं, मग स्क्रीनवरची सूचना कशी खरी वाटली?’

‘ती छापील होती,’ मास्तर म्हणाले.

फाइल उघडून पाहिली. सगळी जागच्या जागी होती. शेवटची नोंद सकाळचीच: आंडेर, म्हणजे मुलगी. खाली आईचं वाक्य: ‘आपली आंडेर हाक मारी का लगेच येस.’ म्हणजे, हाक मारली की लगेच येते. मी पेनड्राइव्ह लावला आणि एक सोडून तीन प्रती काढल्या.

आता आबांचा फोन आला की समोर कितीही गिऱ्हाइकं असोत, मी उचलते. ‘बोला आबा, काय झालं?’

‘काही नाही,’ ते म्हणतात. ‘उचलतेस का ते पाहिलं.’