नकाशात म्हैस नव्हती

माणसाने कामाच्या जागेपासून पायी जाण्याच्या अंतरावर राहावे, असे आमचे नाना आयुष्यभर सांगत आले आणि ते सांगण्यासाठी रोज एसटीने धुळ्याहून जळगावला येत राहिले. पारोळा, एरंडोल करत ते कार्यालयात पोचेपर्यंत शर्टाची इस्त्री मोडलेली असे, मुद्दा मात्र शाबूत असे. शहराच्या विकास आराखड्याचे काम त्यांच्याकडे होते आणि मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढायचो. एकदा धीर करून विचारलेच, "नाना, मग तुम्हीच जळगावला का राहत नाही?"

"बायकोची शाळा धुळ्यात, माझी कचेरी इथे," नाना म्हणाले. "पुस्तकात नवरा कामावर जातो आणि बायको घरी असते. पुस्तक लिहिणाऱ्याला आमची ही भेटायला हवी होती."

नाना हे नाव त्यांना कार्यालयाने दिले नव्हते, सगळ्या गावाने दिले होते. हरकती घेऊन आलेले लोक "साहेब" म्हणून आत शिरत आणि "नाना" म्हणत बाहेर पडत. काम झालेले नसायचेच, पण चहा झालेला असायचा. एकदा एक पुढारी महामार्गावर उड्डाणपूल मागायला आले. नाना म्हणाले, "पूल दाखवू की नकाशात. पण एवढी माणसं रोज सकाळी इकडून तिकडे का जातात, ते आधी विचारू या." पुढारी हसले. "नाना, ते विचारत बसलो तर पूल कधी व्हायचा?" पुढे पूल झाला. तो प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

नानांना हा प्रश्न पुस्तकातून पडला नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ जळगावच्या एका चटईच्या कारखान्यात होता. एरंडोलजवळच्या गावाहून मोटारसायकलने यायचा-जायचा. एका संध्याकाळी घरी परतताना महामार्गावर ट्रकखाली गेला. मागे बायको सुमन आणि लहानगा सागर. नाना हे मला एकदाच, बसस्थानकावर गाडीची वाट बघताना बोलले. "घर कारखान्याच्या मागे असतं तर भाऊ वाचला असता," एवढेच म्हणाले आणि लगेच बसच्या पाटीकडे बघू लागले. त्यानंतर त्यांच्या व्याख्यानांना मी कधी हसलो नाही. म्हणजे, त्यांच्या समोर नाही.

औद्योगिक वसाहतीच्या मागच्या मोकळ्या जमिनीवर कामगारांची घरे व्हावीत, म्हणून नाना वर्षानुवर्षे झगडले. त्या जमिनीवर अनेकांचा डोळा होता. आपल्याकडे नोकरी लागली की माणूस आधी प्लॉट घेतो, त्यावर बाभळी वाढवतो आणि स्वतः भाड्याने राहतो. नानांनी कोणाकोणाचे पाय धरले, कोणाकोणाशी भांडले, ते मी पाहिले आहे. अखेर घरे झाली, कामगारांना मिळाली. ज्याने त्याने रीतसर वास्तुशांती केली आणि नानांना जेवायला बोलावले. त्या हंगामात नानांनी इतकी वरण-बट्टी आणि भरीत खाल्ले की त्यांच्या घरच्यांनी वैद्य गाठला. नाना इतके खूश मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

वास्तुशांती आटोपली, पाहुणे गेले आणि यजमानही कुलूप लावून आपापल्या गावी गेले.

नाना चौकशीला निघाले, मीही सोबत होतो. आसाराम नावाचा कामगार कारखान्याच्या फाटकाशी भेटला. हेल्मेट काखेत, अंगावर महामार्गाची धूळ. नानांनी विचारले, "अरे, घर आवडलं नाही का?"

"नाना, घर बठ्ठं झकास शे," आसाराम म्हणाला. "पन म्हैसले कोठे बांधू?"

घरे किती, नोकऱ्या किती, याचा ताळा नानांनी चोख बसवला होता. म्हशी, वावर, सासुरवाडी आणि म्हातारी आई यांना त्यात रकाना नव्हता. आसारामने ते घर एका मास्तरला भाड्याने दिले होते आणि मास्तरची शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बाकीची घरेही बँकवाल्यांनी आणि दुकानदारांनी भरली. आता सकाळी गावांकडून कामगार कारखान्यात येत आणि वसाहतीतून मास्तर शहरात जात. महामार्गाच्या चौकात दोघांची गाठ पडे. नाना तिथे उभे राहून म्हणाले, "पूर्वी एकाच बाजूला कोंडी व्हायची. आता आपण दोन्ही बाजूंना समान न्याय दिला." वरच्या कार्यालयाने मात्र सर्व घरे भरली म्हणून योजना यशस्वी ठरवली. नानांना शालही मिळाली. ती घेताना ते पार ओशाळले होते.

निवृत्तीनंतर त्यांचे जळगावला येणे थांबेल असे वाटले होते. थांबले नाही. सागर मोठा होऊन चटईच्याच कारखान्यात लागला होता आणि बापासारखाच मोटारसायकलने जाऊ-येऊ लागला होता. आसारामच्या घरातला मास्तर बदली होऊन गेला, तसे नानांनी ते घर सुमनवहिनींसाठी भाड्याने घेतले. वहिनी गाव सोडायला तयार नव्हत्या. दोन म्हशी होत्या. नाना त्यांच्या ओसरीवर ठाण मांडून बसले आणि म्हशी विकल्या जाईपर्यंत उठले नाहीत.

मागच्या महिन्यात नाना जळगावला आले तेव्हा मी त्यांना भेटायला त्या घरी गेलो. नाना आता थकले आहेत, पण व्याख्यान पूर्वीसारखेच चालू होते. मी हिशेब काढला की अख्ख्या वसाहतीत पायी कामाला जाणारा सागर एकच. नाना म्हणाले, "लिही मग. योजना अयशस्वी."

एवढ्यात कारखान्याचा सुटीचा भोंगा झाला. वहिनींनी चहाचे आधण ठेवले. नाना बोलता बोलता थांबले, काठी घेऊन उठले आणि दारात जाऊन उभे राहिले.

"बठा ना, नाना," वहिनी आतून म्हणाल्या. "आते वाट देखानी गरज नही."

नाना बसले नाहीत. सागर डबा हलवत कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते दाराची चौकट धरून उभेच होते.