सुलेखाची वरची ओळ

माझी पोरगी चौथीत आहे. लिहायचं म्हटलं की हिचा हात दुखतो, तहान लागते, पेन्सिलचं टोक मोडतं. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "लिखती ही नहीं. घर पे सुलेख कराइए." मीही मान डोलावली. आळस, दुसरं काय!

सुलेख म्हणजे आमच्याकडचा जुना खाक्या. वरची ओळ मोठ्यांनी वळणदार लिहून द्यायची, पोरांनी पान भरेपर्यंत खाली तीच उतरवायची. आम्ही राहतो हिंदी मुलखात, शाळेत सगळं हिंदीच, म्हणून मी हट्टाने मराठी ओळ द्यायचे. महिनाभर ती रडून राहिली अन् मी ओरडून राहिले.

मी इथल्याच नेपियर टाउन भागातल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. परवा तिथून डोकं पिकवून घेऊन घरी आले, तर वही कोरी.

"काहून नाही लिहिलं?"

"मन नाही लागून राहिलं, मम्मी."

टाळकंच सरकलं माझं. पेन ओढला आणि वरची ओळ लिहिली, 'मी आळशी मुलगी आहे.' म्हटलं, लाज तरी वाटेल! आणि चहा ठेवायला गेले.

थोड्या वेळाने आमच्या बाईसाहेब वही घेऊन नाचत आल्या. पान भरलेलं, अक्षर अगदी देखणं.

"छान आलं ना?"

चेहऱ्यावर ना लाज, ना राग. मी म्हटलं, "वाच बरं."

तिने बोट ठेवलं. "मी..." बोट अडलं. डोळे माझ्या तोंडावर. "मी... चांगली मुलगी आहे!"

अगं बाई! 'मी', 'मुलगी', 'आहे' रोजचे, म्हणून ओळखीचे. बाकी सगळा अंदाज. पुस्तकातले धडे धडाधड म्हणायची, ते नुसते पाठ होते तर! महिनाभर हे लेकरू अक्षरं नाही, चित्रं काढत होतं. जे वाचताच येत नाही ते लिहायचा कंटाळा येणार नाही तर काय होईल? मॅडमचा राग आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा.

"चलो, आता फोटो काढ. नागपूरच्या आजीला पाठव," पोरगी म्हणाली.

आजीला वाचता येतं. मी फोन हातातच घेतला नाही. नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'मी चांगली मुलगी आहे.' म्हटलं, "आज लिहायचं नाही. एकेक अक्षर वाचायचं."

ती दोन्ही पानांकडे आळीपाळीने पाहत राहिली.

"मम्मी, हा मधला शब्द वेगळा काहून दिसून राहिला?"