उभ्या गाडीची नळी

माझ्या भाऊजींना सगळी गॅरेजगल्ली 'कात्री' म्हणायची. जुनी गाडी आली की बॉनेट उघडायचं, धूर कमी व्हावा म्हणून बसवलेल्या काळ्या रबरी नळ्या बघून नाक मुरडायचं आणि सपासप कापायचं, हा त्यांचा खाक्या. इंजिनात ठिणगी लवकर पडू द्यायची की उशिरा, हे त्या नळ्या ठरवायच्या. भाऊजींच्या मते तो इंजिनाचा गळा दाबण्याचा प्रकार होता. नळ्या कापल्यावर गाडी खरंच पळायची, त्यामुळे गिऱ्हाईक खूश आणि भाऊजी त्याहून खूश.

ताई त्यांना म्हणायची, लावणारे काय अगदीच खुळे होते का? पण ते म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. स्वतःच्या लाडक्या जुन्या गाडीच्या नळ्या तर त्यांनी सगळ्यात आधी कापल्या होत्या.

त्या दुपारी ताईला धाप लागली. रुग्णवाहिकेला उशीर होईल असं कळलं, तेव्हा भाऊजींनी हीच गाडी काढली. मी मागे ताईला खांद्याशी धरून बसलो. मोकळ्या रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी गेली, पण पुलावर गर्दीत अडकली. वीतभर पुढे जायचं आणि पुन्हा थांबायचं. ताईचे ओठ काळेनिळे पडत होते आणि समोर तापमानाचा काटा चढत होता. मला तर देवही आठवेना. मग बॉनेटखालून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं.

भाऊजींनी बॉनेट उघडलं आणि नुसते बघत राहिले. त्यांनी कापून फेकलेल्या पसाऱ्यात एक झडपही होती. गाडी उभ्या उभ्या तापली की ती उघडायची, ठिणगी लवकर पडू द्यायची आणि इंजिन निवायचं. तिच्या जागी त्यांनीच ठोकलेला बोल्ट होता.

"उभ्या गाडीसाठीच होती ही," ते म्हणाले.

माझा असा संताप झाला की त्यांची गचांडी धरावीशी वाटली. त्यांनी तापलेला बोल्ट उघड्या बोटांनी पिळून काढला आणि ठिणगी लवकर पडावी म्हणून तिथे डिकीतल्या नळीचा तुकडा सरळ जोडला. पण इंजिन जरा निवल्याशिवाय चालू होणार नव्हतं. ताईला शेजारच्या कोणाच्या तरी दुचाकीवर बसवावं, तर तिला मान धरवत नव्हती. मागचे हॉर्न वाजवत होते. भाऊजी खिडकीशी आले. ताईने त्यांचा हात बघितला.

"अहो, भाजलं ना," ती म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही.

शेवटी गाडी चालू झाली. त्याच गर्दीत उभी असताना काटा हळूहळू खाली आला, आणि मला तो बघवेना.

थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. "थोडं म्हणजे किती?" भाऊजींनी विचारलं. डॉक्टरांनी सहीचा कागद पुढे केला. भाऊजींनी पुन्हा तेच विचारलं. मी त्यांना बाहेर नेलं.

तेराव्यानंतर त्यांनी गॅरेज उघडलं. एक जुनं गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं आणि हसत म्हणालं, चालवा कात्री. भाऊजींनी बॉनेट उघडलं, नळ्या एकेक करून चाचपल्या आणि बॉनेट लावून टाकलं.

"राहू देत," ते म्हणाले. "कधीतरी गाडी उभी राहील. मागे कोणीतरी बसलेलं असेल."