नथीची तार

रक्त थांबत नव्हतं. सुनेला सातवा महिना, ओटीत भरलेला नारळ तसाच, आणि डाव्या नाकपुडीतून धार. मी तिचं डोकं मागं धरून कांदा हुंगवत होते. आमच्याकडं घोळणा फुटला की असंच करतात. ती रक्त गिळत राहिली आणि मग रक्ताचीच उलटी केली. ओटी भरायला आलेल्या बायका उठून पळाल्या.

नथ मीच घातली होती. महिनाभर तिची ती नाकपुडी चोंदलेली होती, मधूनमधून रक्त यायचं.

"आत्या, फुलीच राहू द्या. आत काहीतरी लागून राहिलंय," ती म्हणाली होती.

"घडीभर नथ घातली तर काय नाक गळून पडतंय का?" असं म्हणून मी तार रेटली.

लेकानं जीप आणली. साखऱ्याहून हिंगोलीपर्यंत मी तिचं डोकं मागंच धरलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी माझा हात बाजूला केला.

"आजी, पुढं वाकवा तिला. रक्त घशात जाऊन श्वास अडकेल."

त्यांनी नाक चिमटीत दाबून धरलं, मग औषधाची पट्टी आत कोंबली. पोटातल्या लेकराचे ठोके सापडायला वेळ लागला. लेक म्हणाला, "माय, तू भाईर जाय." मी गेले नाही.

ठोके सापडले. रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी नाकात दुर्बीण घातली. पडद्यावर बोराएवढी लालभडक गाठ दिसली.

"रक्तवाहिन्यांची गाठ आहे. गरोदरपणात एखादीला होते. बाळंतपणानंतर बहुतेक आपोआप आकसते, पण एवढं रक्त गेल्यावर थांबता येणार नाही."

"कॅन्सर तर न्हाई?" मी विचारलं.

"तसं वाटत नाही. तपासून आल्यावर नक्की सांगते."

नाक बधिर करून गाठ कापली, मूळ जाळलं. तुकडा तपासायला गेला. आठ दिवस लेक माझ्याशी बोलला नाही. सूनच म्हणाली, "आत्या, जेवा की. तुमी पडल्या तर तुमचं कोण करंल? मला तर उठू देऊन न्हाई राहिले."

तपासणीचा कागद आला. गाठ साधी होती.

दिवस भरल्यावर मुलगी झाली. सून जगली, नात जगली.